हनुवटीची रेघ

धंतोली. दवाखान्याचा तिसरा मजला, खोली दोन.
मे महिन्याची रात्र, खालचा रस्ता अजून
नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा,
आणि इथे मी माणसांना पांघरूण देते,
वायरी लावते, दिवा मालवते
आणि शेत राखावं तशी
काचेपलीकडून त्यांची झोप राखते.

आज दामोधर बारापात्रे, टांडापेठ.
चाळीस वर्षं माग चालवला,
विकून अठरा झाली.
डोक्यावर, कानामागे, नडगीवर,
हनुवटीवर तीन. सगळ्या मिळून बावीस.
"बावीस दोऱ्यांत तं करदोडाही होत नाही, पोरी,"
म्हणाले आणि आडवे झाले.

त्याआधी दाराशी पंचफुलाबाई, हळू आवाजात:
"दिवसा बोट लावत नाही, बाई.
रातच्याले झोपेत धोटा फेकते.
पायानं पावड्या दाबते.
मागच्या दिवाळीत माहा गाल फुटला.
सकाळी इचारलं तं म्हन्ते, सूत तुटलं होतं."
कोणी म्हणालं बाहेरचं आहे.
ताजबागेत चादर चढवून झाली.
उशीखाली अडकित्ता ठेवून झाला.
मग जाता जाता, सहज:
"आन् मसाला करपला तरी यायले वास येत नाही आजकाल."
पेस्टच्या डबीचं झाकण
मी दोनदा फिरवलं.

तीन वाजून बारा मिनिटं. पापण्यांखाली डोळे पळू लागले.

स्वप्न सुरू झालं की हनुवटीची रेघ निजते,
सपाट, इस्त्री केल्यासारखी.
मेंदूच्या देठाशी एक पहारेकरी असतो,
तो अंगाला कुलूप घालतो आणि म्हणतो,
जा आता, जायचं तिथं जा,
हे इथंच राहील.

बारापात्रेंची रेघ निजली नाही.
कुसळांनी भरून आली.
उजवा हात उठला, धोटा गेला.
डाव्यानं झेलला.
पांघरूण खाली, पाय चालू,
ओठांतून खट्, खट्,
भंगारात गेलेला माग
खोली दोनमध्ये उभा.
मी लिहिलं: ३.१२, दोन्ही हात, दोन्ही पाय, चाळीस सेकंद.
काठ कसला होता
ते लिहायला रकाना नाही.

रकान्याबाहेरचं मला थोडं ठाऊक आहे.
पुष्कळदा पहारेकरी आधी थकतो,
बाकीचं घर मागाहून.
कधी दहा वर्षांनी बोटं थरथरतात,
पाऊल उंबऱ्याशी अडतं, अक्षर बारीक होत जातं.
कधी पंधरा.
कधी काहीच नाही, माणूसच आधी जातो.
सांगायचं ते डॉक्टर सांगतील.
माझं काम वायरी काढण्याचं.

साडेपाचला कोमट पाण्यानं
त्यांच्या केसांतली पेस्ट सोडवत होते.
पंचफुलाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या.
काय निघालं, हे विचारलंच नाही.
"हाताचा फोटू निघाला ना? झोपेतला, हालता?"
निघाला.
"मले दे. बुटीबोरीले पोरगा आहे माहा, हेमराज.
माह्या तोंडावरचा वळ पाहून गेला,
चार वर्सं झाले, बापाशी बोलला नाही.
त्याले दाखवतो.
बाप मारत नव्हता म्हणा,
इनत होता."

बारापात्रे हातातला टॉवेल
पुन्हा पुन्हा घडी घालत होते.

व्हिडिओसाठी अर्ज लागतो. मी कागद पुढे केला.
त्यांनी सावकाश सही केली,
दामोधर ठसठशीत,
बारापात्रे उतरत उतरत
शेवटी खसखशीएवढं.
पंचफुलाबाई तेव्हा थर्मासचं बूच लावत होत्या.

सहाला खाली आले. कोपऱ्यावर
पोहेवाल्यानं तर्रीचं भगोणं नुकतंच उघडलं होतं.
प्लेट घेतली, चमचा तसाच ठेवला,
आणि आधी
नाकाशी धरली.